लायब्ररीला प्लगिनची सोय करायची आहे: गाभ्यात काय ठेवावं, बाहेर काय काढावं?

रानवारा

मी एक मुक्तस्रोत पायथन लायब्ररी सांभाळतो. काम साधं आहे. वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फायली वाचायच्या, त्यातला तक्ता एकाच साच्यात हाती द्यायचा आणि हवा तर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये लिहून द्यायचा. सुरुवातीला सीएसव्ही, जेसन आणि एक्सेल एवढंच होतं. आता सतत कुणी ना कुणी नव्या फॉरमॅटची पुल रिक्वेस्ट ('माझा कोड सामील करा' अशी विनंती) पाठवतं आणि प्रत्येकीच्या शेपटाला एक नवी डिपेंडन्सी (चालायला लागणारं दुसरं पॅकेज) असते. एकीला सी कंपायलर लागतो, दुसरीचं लायसन्स आमच्याहून वेगळं. तिसरी ज्या यंत्राच्या फायली वाचते ते यंत्र मी पाहिलेलंही नाही, मग उद्या त्यात बग निघाला तर मी तपासणार कशावर?

लोक मेहनतीने लिहून पाठवतात, त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणून असं डोक्यात आहे की ज्याचा फॉरमॅट त्याने स्वतंत्र पॅकेज म्हणून प्रसिद्ध करावा आणि ते इन्स्टॉल झालं की लायब्ररीने आपोआप ओळखावं, म्हणजे प्रत्येक फॉरमॅट एक प्लगिन, बाहेरून जोडायचा तुकडा. माझं मत असं की गाभा अगदी लहान असावा, सीएसव्हीसकट सगळे फॉरमॅट बाहेर काढावेत.

प्लगिन शोधायची पद्धत कोणती घ्यावी? इंटरफेस, म्हणजे गाभा आणि प्लगिन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं तो करार, केवढा ठेवावा? आणि प्लगिन मोडला तर निस्तरायचं कुणी? ज्यांनी हे केलंय किंवा दुसऱ्याच्या लायब्ररीसाठी प्लगिन लिहिलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दुर्वांकुर

रुमाल टाकून ठेवते. इंटरफेसबद्दल बरंच बोलायचंय, रात्री लिहीन.

तळटीप

शोधण्याचा प्रश्न पायथनमध्ये सुटलेला आहे, तिथे नवं काही रचू नका. एंट्री पॉइंट वापरा. प्लगिनचा लेखक आपल्या पायप्रोजेक्ट डॉट टॉमल फायलीत तुमच्या गटाच्या नावाखाली एक ओळ लिहितो: डावीकडे फॉरमॅटचं नाव, उजवीकडे मॉड्यूल आणि क्लासचा पत्ता. पॅकेज इन्स्टॉल झालं की ही ओळ त्याच्या मेटाडेटात जाऊन बसते. तुमची लायब्ररी इम्पोर्टलिब मेटाडेटाला विचारते की या गटात कोण कोण आहे, आणि यादी मिळते. हे मॉड्यूल ३.८ पासून पायथनसोबतच येतं, आणि गटाचं नाव देऊन नेमकं तेवढंच मागायची सोय ३.१० पासून आहे. चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टचे प्लगिन असेच सापडतात, त्यांच्या गटाचं नाव 'पायटेस्ट११' आहे. कोड तपासणाऱ्या फ्लेक८चे प्लगिन, तक्ते हाताळणाऱ्या पांडाजचे आलेख काढणारे बॅकएंड, बहुमितीय डेटा हाताळणाऱ्या एक्सॲरेचे फायली वाचणारे बॅकएंड, सगळे याच वाटेने जातात. एक्सॲरेचा तेवढा भाग जरूर वाचा, तुमच्या गरजेच्या सगळ्यात जवळ तोच आहे.

एक गोष्ट सांभाळा. यादी मिळवणं वेगळं आणि लोड करणं वेगळं. तुम्ही लोड म्हणेपर्यंत प्लगिनचा कोड इम्पोर्ट होत नाही. लायब्ररी इम्पोर्ट होताक्षणीच सगळे प्लगिन लोड केलेत, तर ज्याला फक्त सीएसव्ही वाचायची आहे त्यालाही बाकीच्यांच्या जड डिपेंडन्सींचा वेळ सोसावा लागेल. नाव कळलं, गरज पडली, तेव्हाच लोड करा.

धूमकेतू

तळटीप यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण 'आपोआप'ला एक बाजू आहे. निव्वळ इन्स्टॉल केल्याने वागणूक बदलणं प्रत्येकाला आवडत नाही. पायटेस्टमध्ये एंट्री पॉइंट असलेला प्रत्येक प्लगिन आपसूक चालू होतो, म्हणून त्यांना एकेक बंद करायचा पर्याय द्यावा लागला आणि सगळंच आपोआप लोड होणं थांबवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही. याउलट दस्तऐवज तयार करणाऱ्या स्फिंक्समध्ये एक्स्टेन्शनची (तिथल्या प्लगिनची) नावं कॉन्फिग फायलीत हातानं लिहावी लागतात. दोन मिनिटं जास्त जातात, पण सहा महिन्यांनी प्रकल्प उघडणाऱ्याला काय काय चालू आहे ते दिसतं.

एक वाट मात्र घेऊ नका: इम्पोर्टच्या नावांची जादू. वेबसाठीच्या फ्लास्क लायब्ररीत एकेकाळी सगळी एक्स्टेन्शन 'फ्लास्क डॉट एक्स्ट'खालून इम्पोर्ट व्हायची, खरी पॅकेजं वेगळ्याच नावांची असायची. पुढे १.० मध्ये ती सोय काढूनच टाकली. प्रत्येकाने आपल्या खऱ्या नावाने राहावं हे उत्तम.

कोरी_पाटी

नवखा प्रश्न आहे. मुळात प्लगिन हवेतच का? वापरणाऱ्याने स्वतःचा वाचक क्लास लिहून फंक्शनला पॅरामीटर म्हणून दिला तर चालणार नाही?

तळटीप

@कोरी_पाटी, प्रश्न अगदी नेमका आहे. चालतं, आणि तीच पहिली पायरी असायला हवी. आधी 'हा ऑब्जेक्ट घ्या आणि वापरा', त्यावर 'या नावाने नोंदवा' असं एक फंक्शन, आणि त्याच्यावर एंट्री पॉइंटने आपोआप नोंदणी. खालचे दोन थर नीट असतील तर तिसरा थोडक्या ओळींत होतो. चाचण्या लिहितानाही पहिला थरच उपयोगी पडतो, कारण तिथे पॅकेज इन्स्टॉल करायची गरज नाही.

जुनाजाणता

सीएसव्हीसकट सगळं बाहेर काढायला माझा विरोध आहे. २०१५ मध्ये जावास्क्रिप्ट कोडचं रूपांतर करणाऱ्या बेबेल ६ ने हेच केलं होतं. सगळी रूपांतरं प्लगिनमध्ये गेली. नव्या माणसाने बेबेल इन्स्टॉल करून चालवलं की आत गेलेला कोड जसाच्या तसा बाहेर यायचा. आधी प्रीसेट (प्लगिनचा तयार गट) निवडा, तो वेगळा इन्स्टॉल करा, कॉन्फिगमध्ये लिहा, मग काम होणार. रचना म्हणून ते चोख होतं, पण नवख्याचा पहिला तास त्यात जायचा.

सीएसव्ही आणि जेसन पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहेत, कुठलीही डिपेंडन्सी ओढत नाहीत. ते आतच राहू द्या. मात्र आतल्यांनाही बाहेरच्यांच्याच मार्गाने यायला लावा. म्हणजे तुमचा स्वतःचा सीएसव्ही वाचकही त्याच एंट्री पॉइंटमधून नोंदवलेला असावा, त्याच्यासाठी गाभ्यात एकही खास 'जर'ची ओळ नको. आतल्याला चोरवाट ठेवलीत की बाहेरच्याला काय कमी पडतंय ते तुम्हाला कधी कळणारच नाही.

गवतफूल

'आतल्याला चोरवाट नको' याला +१००. प्लगिन लिहिणाऱ्याच्या बाजूने बोलते आहे.

दुर्वांकुर

रुमाल उचलते.

रानवारा, तुमच्या तीन प्रश्नांत इंटरफेसचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. शोधण्याची पद्धत उद्या बदलता येईल. इंटरफेस एकदा दहा लोकांनी वापरला की तो तुमच्या एकट्याचा राहत नाही.

फायरफॉक्सचं उदाहरण घ्या. जुन्या ॲड-ऑनना ब्राउझरच्या पोटात कुठेही हात घालता यायचा. त्यामुळे भन्नाट गोष्टी झाल्या हे खरं, पण ठरलेला असा इंटरफेसच नव्हता, ब्राउझरचा सगळा आतला कोड हाच इंटरफेस. आत काहीही हलवलं की कुणाचं तरी ॲड-ऑन मोडायचं. ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये विभागताना तर हे फारच जाचक झालं. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७ व्या आवृत्तीत, जुनी पद्धत पूर्ण बंद करून वेबएक्स्टेन्शन तेवढी ठेवली. वर्षानुवर्षं जीव लावलेली कितीतरी ॲड-ऑन त्या दिवशी गेली. हायरमचा नियम म्हणतात तो हाच: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही काय कबूल केलंय याला महत्त्व उरत नाही, जे जे दिसतं त्यावर कुणीतरी विसंबलेलं असतंच.

आता चांगलं उदाहरण. पायटेस्टच्या मुळाशी प्लगी नावाची छोटी लायब्ररी आहे. तिच्यात हुकची (प्लगिनने जोडून घ्यायच्या जागेची) व्याख्या यजमान, म्हणजे प्लगिन वापरणारं मुख्य साधन, करतो आणि त्यात समजा पाच आर्ग्युमेंट असतील, तर प्लगिनने त्यातली हवी तेवढीच आपल्या फंक्शनमध्ये लिहायची. प्लगी नावं पाहून तेवढीच पाठवते. याचा अर्थ यजमानाने पुढे सहावं आर्ग्युमेंट वाढवलं तरी जुना एकही प्लगिन मोडत नाही. एवढ्याशा युक्तीने केवढी मोकळीक मिळते पाहा. तुम्हाला प्लगी घ्यायची गरज नाही, पण हा विचार घ्या. सुटी सात आर्ग्युमेंट पाठवण्यापेक्षा एक संदर्भ-ऑब्जेक्ट पाठवा, त्यात पुढे भर घालता येते.

आणि आता तुमच्या विषयातला खरा पेच. तुमच्या मूळ पोस्टमध्ये 'त्यातला तक्ता' असं एकवचन आहे. एका फायलीत एकच तक्ता हे सीएसव्हीपुरतं खरं. एक्सेलमध्ये अनेक शीट असतात. एसक्यूलाइट डेटाबेसच्या फायलीत अनेक टेबलं. स्तंभांनुसार डेटा साठवणारं पार्के तर पुष्कळदा फाइल नसतेच, आख्खा फोल्डर असतो. काही फॉरमॅट सुरुवातीपासून ओळीने वाचता येतात, पण झिप आणि पार्केची अनुक्रमणिका शेवटाला असते, म्हणजे मागेपुढे उडी मारता यायला हवी; नेटवर्कवरून येणारा प्रवाह तिथे चालत नाही. सीएसव्हीवरून बेतलेला इंटरफेस यातल्या प्रत्येक ठिकाणी अडेल.

म्हणून एकमेकांपासून जितके दूर असतील तितके तीन फॉरमॅट निवडा आणि तिन्हींचे प्लगिन स्वतः लिहा. एक साधा मजकूर, एक अनेक शीटचा, एक फोल्डरवाला. तिन्ही त्याच इंटरफेसमध्ये मुरड न घालता बसेपर्यंत तो 'प्रायोगिक' म्हणून जाहीर करा. कागदावर सुंदर दिसणारा इंटरफेस दुसऱ्या फॉरमॅटला वाकतो आणि तिसऱ्याला तुटतो, आणि ते तुटणं तुमच्या हातात असतानाच झालेलं बरं.

रानवारा

@दुर्वांकुर, हे वाचून थबकलो. एक्सेलच्या शीटचं नाव सध्या मुख्य फंक्शनचं पॅरामीटर आहे, सीएसव्ही वाचतानाही ते तिथे दिसतं. तुमच्या म्हणण्यानुसार ते गाभ्यात नकोच ना?

दुर्वांकुर

'शीट' नको, पण 'फायलीतल्या कुठल्या तक्त्याबद्दल बोलतोय' ही कल्पना गाभ्यात हवी. वाचकाला दोन गोष्टी विचारा: तुझ्यात कोणकोणते तक्ते आहेत, आणि यातला हा दे. सीएसव्हीचा वाचक एकाच नावाची यादी देईल. डिलिमिटर, एन्कोडिंग असे निव्वळ त्या फॉरमॅटचे पर्याय मात्र प्लगिनचे प्लगिनपाशी, गाभ्याने ते न उघडता पुढे द्यावेत. पण चुकीच्या नावाचा पर्याय आला तर प्लगिनने गप्प बसू नये, एरर द्यावी, हे नियमातच लिहा.

धूमकेतू

इंटरफेस बेस क्लासने मांडायचा (प्लगिनने त्याचा वारसा घ्यायचा) की प्रोटोकॉलने (नुसती मेथडची यादी)? पायथन ३.८ पासून टायपिंग मॉड्यूलमध्ये प्रोटोकॉल आहेत. प्लगिनला गाभा इम्पोर्टही करावा लागत नाही, मेथड जुळल्या की झालं.

जुनाजाणता

बेस क्लास. उद्या एक मेथड वाढवायची झाली तर तिची ठरावीक वागणूक बेस क्लासमध्ये लिहिता येते आणि जुने प्लगिन चालत राहतात. प्रोटोकॉलमध्ये ती सोय प्लगिनला आयती मिळत नाही, गाभ्यात 'ही मेथड आहे का' असं विचारत बसावं लागतं.

गवतफूल

मी एका बऱ्यापैकी वापरल्या जाणाऱ्या साधनासाठी प्लगिन लिहिते, साधनाचं नाव नको. यजमानाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला पोटात गोळा येतो. बदलांच्या यादीत वापरणाऱ्यांना काय नवं मिळालं ते असतं, प्लगिन लेखकांचं काय बदललं ते कुठेच नसतं. माझ्याकडे बग येतात तेव्हा कळतं. ज्या दिवशी त्यांची नवी आवृत्ती येते त्या दिवशी शिव्या मी खाते.

तर रानवारा, प्लगिन लेखकांसाठी तीन गोष्टी मनापासून मागते. बदलांच्या यादीत 'प्लगिन लेखकांसाठी' असा वेगळा भाग ठेवा. काही काढून टाकण्याआधी निदान एक आवृत्ती इशारा छापत राहा. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे चाचण्यांचा तयार संच द्या. पांडाजने २०१८ मध्ये, ०.२३ आवृत्तीत, बाहेरच्यांना स्वतःचे ॲरे प्रकार करायची सोय दिली, आणि त्यासोबत चाचण्यांचे बेस क्लासही दिलेत. आपण फक्त आपला नमुना डेटा पुरवायचा, पांडाजची अपेक्षा पूर्ण होते की नाही ते त्या चाचण्या सांगतात. मशीन लर्निंगच्या सायकिट-लर्नमध्ये 'चेक एस्टिमेटर' तेच करतं. दस्तऐवजात लिहिलेला नियम निसटतो, चाचणी निसटू देत नाही.

मोठा बदल करावाच लागला तर जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या ईएसलिंटने २०२४ मध्ये नवव्या आवृत्तीत केलं तसं निदान पुलाचं पॅकेज द्या. नवी कॉन्फिग पद्धत आली, नियमांना मिळणाऱ्या संदर्भातल्या जुन्या मेथड गेल्या, पुष्कळ प्लगिन अडले. पण जुन्या प्लगिनला गुंडाळून नव्यात चालवणारं पॅकेज त्यांनी स्वतःच दिलं.

जुनाजाणता

प्लगिनने यजमानाच्या आवृत्तीवर वरची मर्यादा घालावी, म्हणजे ३.० च्या खालीच चालेन असं आधीच सांगावं. प्रश्न मिटला.

गवतफूल

इथे असहमत. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती बसते. पाच प्लगिनपैकी एकाने ३.० खाली अशी अट घातली आणि दुसऱ्याला ३.० च हवं, तर पॅकेज बसवणारं पिप इन्स्टॉल करायलाच नकार देईल. आणि तो पहिला प्लगिन कदाचित ३.० वर व्यवस्थित चालतही असेल, कुणी करून पाहिलेलं नसतं एवढंच.

तळटीप

मधला मार्ग: प्लगिन इंटरफेसला लायब्ररीपासून वेगळा आवृत्ती क्रमांक द्या. लायब्ररी ५.० झाली तरी इंटरफेस १ च असू शकतो. प्लगिन सांगतो 'मी १ बोलतो', गाभा लोड करताना ते तपासतो आणि जुळत नसेल तर स्पष्ट भाषेत नकार देतो. इन्स्टॉल अडत नाही, आणि चालताना भलत्याच ठिकाणी ॲट्रिब्यूट एररही येत नाही.

उंबरठा

सुरक्षेबद्दल अजून कुणी बोललं नाही. पायथनचा प्लगिन यजमानाच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच सगळ्या परवानग्यांनिशी चालतो. मध्ये कुठलीही भिंत नाही. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातल्या) इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजचा ताबा मूळ लेखकाने मदत करू इच्छिणाऱ्या एका अनोळखी माणसाला दिला, त्याने एक नवी डिपेंडन्सी जोडली आणि तिच्यातून एका बिटकॉइन वॉलेटमधले पैसे चोरणारा कोड आत शिरला. तुमच्या लायब्ररीच्या नावाने सुरू होणारं कुणाचंही पॅकेज लोक 'अधिकृत' समजून घेतील. अधिकृत कोणती आणि बाहेरची कोणती ही यादी ठळक ठेवा.

वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचा मार्ग आहेच. सर्व्हर वगैरे उभारणाऱ्या टेराफॉर्मचे प्रोव्हायडर (त्याचे प्लगिन) तसे चालतात, चित्रं संपादणाऱ्या गिंपचे प्लगिनही. गो भाषेत तर हीच रूढ वाट आहे, कारण तिचं स्वतःचं प्लगिन पॅकेज यजमान आणि प्लगिन नेमक्या त्याच कंपायलर आवृत्तीने आणि त्याच डिपेंडन्सींनी बांधलेले मागतं, विंडोजवर ते चालतही नाही. वेगळ्या प्रोसेसमुळे एकाचं कोसळणं दुसऱ्याला लागत नाही, पण निव्वळ वेगळी प्रोसेस म्हणजे सुरक्षा नव्हे. परवानग्या आवळाव्या लागतातच. तक्त्यांचा मोठा डेटा इकडून तिकडे न्यायचा खर्च पाहता रानवारांना हे परवडणार नाही असं वाटतं.

दुसरं, दोन प्लगिननी एकाच फाइल-एक्स्टेन्शनवर (फायलीच्या नावाच्या शेपटावर) हक्क सांगितला तर? कोण आधी सापडतो यावर सोडू नका, ते मशीनगणिक बदलू शकतं. एरर द्या, दोन्ही पॅकेजची नावं छापा आणि वापरणाऱ्याला फॉरमॅट स्पष्ट सांगायला लावा.

चकोर

एकाच एक्स्टेन्शनवर दोघांचा हक्क म्हणजे भाऊबंदकीच की! वाटणी लेखी हवी :)

धूमकेतू

@चकोर, :D पण प्राधान्याचे आकडे देऊन वाटणी करू नका. वर्डप्रेसच्या हुकमध्ये न सांगितल्यास प्राधान्य १० असतं. सगळ्यांच्या शेवटी चालायचं म्हणून कुणी ९९ टाकतं, त्याच्या नंतर यायला दुसरा ९९९.

निरंजना

थोडा उलटा विचार मांडते. लिनक्स कर्नल आतल्या इंटरफेसच्या स्थैर्याची हमी मुद्दाम देत नाही. ड्रायव्हर मुख्य कोडमध्ये आणा, मग इंटरफेस बदलणाराच सगळे ड्रायव्हर दुरुस्त करेल, अशी त्यांची भूमिका आहे. रानवारांकडे तेवढी माणसं नाहीत हे मान्य. पण लोकप्रिय चार-पाच फॉरमॅट एकाच रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), वेगवेगळी पॅकेजं म्हणून ठेवता येतील. इंटरफेस हलला तर त्याच कमिटमध्ये सगळे दुरुस्त होतात, आणि वापरणाऱ्याला नको त्या डिपेंडन्सीही मिळत नाहीत.

उंबरठा

हे पटलं. लायसन्सचाही भाग सुकर होतो. मुख्य लायब्ररी एमआयटी आणि एखादा प्लगिन जीपीएल असेल तर तो स्वतंत्र पॅकेज म्हणून राहू दे, दोन्ही एकत्र बांधून वाटणाऱ्याला जीपीएलच्या अटी पाळाव्या लागतील एवढं दस्तऐवजात लिहा.

कोरी_पाटी

तिसरा प्रश्न राहिलाच. प्लगिन मोडला तर निस्तरायचं कुणी?

तळटीप

ज्याचा प्लगिन त्याने, पण कुणाचा आहे हे वापरणाऱ्याला कळायला हवं, आणि ते काम यजमानाचं. एरर प्लगिनमधून आली तर तिच्यावर प्लगिनचं नाव, आवृत्ती आणि बग कुठे नोंदवायचा तो पत्ता चढवा. पॅकेजच्या मेटाडेटात तो असतो. मूळ ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याचा माग) मात्र गिळू नका. पायटेस्ट सुरुवातीलाच कोणते प्लगिन कोणत्या आवृत्तीचे लोड झालेत ती ओळ छापतं, तशी माहिती देणारी एक कमांड ठेवा आणि बगच्या नमुन्यात तिचं उत्तर चिकटवायला सांगा. एक प्लगिन लोड होताना कोसळला म्हणून बाकीचे बंद पडू नयेत.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत बदललं आहे. सीएसव्ही आणि जेसन आत राहतील, पण एंट्री पॉइंटमधूनच नोंदले जातील. एक्सेल त्याच रेपॉझिटरीत वेगळं पॅकेज. एसक्यूलाइट आणि फोल्डरवालं पार्के मी स्वतः प्लगिन म्हणून लिहीन, आणि ते तिन्ही नीट बसेपर्यंत इंटरफेस प्रायोगिक. आलेल्या पुल रिक्वेस्टवर तसं कळवतो, म्हणजे कुणाची मेहनत वाया जाणार नाही.

एक अडचण उरली. आज जे लोक लायब्ररी इन्स्टॉल करून थेट एक्सेल वाचतात, त्यांचं नव्या आवृत्तीत एकाएकी बंद पडेल.

निरंजना

एकाएकी बंद पाडू नका. पुढची एक मोठी आवृत्ती लायब्ररीच एक्सेलच्या पॅकेजवर डिपेंडन्सी ठेवू दे, म्हणजे कुणाला फरक कळणारही नाही. त्याच वेळी 'एक्सेल' नावाचं एक्स्ट्रा (इन्स्टॉल करताना हवं तर मागायचा जादा भाग) जाहीर करा आणि इन्स्टॉल करताना ते मागा असं सगळीकडे लिहायला लागा. त्यापुढच्या मोठ्या आवृत्तीत डिपेंडन्सी काढा. तेव्हा कुणी एक्सेल फाइल दिली आणि प्लगिन नसला, तर एररमध्ये पॅकेजचं नाव आणि इन्स्टॉलची आख्खी कमांड छापा, नुसतं 'फॉरमॅट अनोळखी' नको.

रानवारा

हे जमेल. @गवतफूल, चाचण्यांच्या संचाची पहिली आवृत्ती झाली की एखादा वाचक लिहून त्यावर चालवून पाहाल का? प्लगिन लेखकाच्या नजरेतून हवंय.

गवतफूल

आनंदाने. पूर्ण रिकामी फाइल, फक्त शीर्षकाची ओळ असलेली फाइल आणि दोन स्तंभांना एकच नाव असलेली फाइल, या तीन चाचण्या सर्वात आधी घाला. प्रत्येक वाचक या तिन्ही ठिकाणी वेगळं काहीतरी करतो.

दुर्वांकुर

चौथी माझी: वाचन अर्ध्यात थांबवल्यावर फाइल बंद होते का. विंडोजवर फाइल उघडी राहिली की ती हलवता किंवा पुसता येत नाही, आणि तो बग कुठल्या प्लगिनचा आहे हे शोधायला फार वेळ जातो.